पुन्हा पडल्याचा रकाना

वहीत सहा रकाने आखलेत मी.
नाव, वय, पत्ता, फोन, शेजारचा चालेल,
कुठलं हाड,
आणि शेवटी, लाल शाईत: पुन्हा पडल्या का?

चंद्राबाई सातपुते, एकाहत्तर, सुभाषनगर.
उजवं मनगट. नागपंचमीच्या आदल्या दिवशी
नळ आला म्हणून धावल्या, मोरीत घसरल्या.
दीड महिन्यानं प्लास्टर कापलं.
डॉक्टर म्हणाले, छान जुळलंय,
आणि खरंच छान जुळलं होतं.
मुलगा रिक्षा बघायला गेला.
मी जिन्यात गाठलं त्यांना.

"आता आणि काय गं? हाड बसलं की."
मनगट बसलं, मावशी.
मला तुमच्या खुब्याचं बोलायचंय.
"खुब्याला काय धाड भरलीया?"

काही नाही. अजून काही नाही.
हेच तर सांगायला अवघड.
जे मोडलंच नाही
त्याच्यासाठी कोण बुडवेल दिवसाची मजुरी?

ही वही नव्हती तेव्हा
उत्तरेश्वर पेठेतले अतिग्रे मास्तर आले होते.
त्यांचंही आधी मनगटच.
दीड वर्षानं चौघांनी चादरीतून आणलं. खुबा.
जुना केसपेपर मीच शोधून काढला.
हाडाच्या डॉक्टरांनी हाड पाहिलं होतं,
डोळ्याच्यांनी मोतीबिंदू,
पेठेतल्या डॉक्टरांनी झोपेची गोळी दिली होती.
सगळ्यांनी आपापलं नीट पाहिलं होतं.
मास्तर मधल्या मध्ये पडले.

तेव्हापासून मी, नसीम मुल्लाणी, स्टाफ नर्स,
या मजल्याची चिठ्ठी त्या मजल्यावर नेते.
रक्ताचा रिपोर्ट आला का, हाडांची घनता मोजली का,
बीपीची गोळी घेऊन उठताना गरगरतंय हे
कुणी कुणाला सांगितलं का.

आठवड्याची गोळी शुक्रवारी घ्यायची ठरली,
अंबाबाईचा वार, विसरायचा नाही.
उपाशीपोटी, तांब्याभर पाण्यासोबत,
मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही.
"मी कवा झालोय गं आडवी?"

मोरीत धरायला काही लावा म्हटलं
तर मुलानं टॉवेलची दांडी ठोकली.
मी लटकून पाहिलं. हातात आली.
मग लोखंडी पाइप, सिमेंट, दोन दिवस सुकू दिला.
सूनबाई, पद्मजा, औषधांचा डबा सांभाळते.
ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचं,
तेव्हा गल्लीतली पोरं मोठ्यानं आकडे मोजतात,
अठराच्या पुढं मुद्दाम सावकाश.

अडलं ते चपलेवर.
पन्नास वर्षं वेण्या गुंफल्या या हातांनी,
आणि त्यांच्याच पायात गुळगुळीत तळ.
"कातड्याला रबर लावू? सासरा उठून येईल."
मी वाद घातला नाही.
पुढच्या खेपेला गेले तर
आरी, खळ, टायरची पट्टी घेऊन बसलेल्या,
मनगट अजून थोडं दुखतंय तरी.
मान वर न करता म्हणाल्या,
"पयला टाका उसवला की तवाच बसावं शिवाय.
मग वादी सुटती, मग पाय."
मी तीन महिने हेच सांगत होते.
इतकं नेमकं मला जमलं नव्हतं.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोन करते.
"पडलो न्हाई. ठेव."
एवढंच. मागं कुठंतरी कुकरची शिट्टी.

साहेब विचारतात, या महिन्यात काम काय झालं?
मी वही उघडून शेवटचा रकाना दाखवते.
ते म्हणतात, हा तर कोरा आहे.
हो, सर.

आज अकराला ताराबाई बागडेकरांचं प्लास्टर निघेल.
वय सहासष्ट, डावं मनगट.
मी जिन्यात आहे.